चावी कोणाच्या हाती?

१४ ऑक्टोबर २०२५ हा दिवस ऐन दिवाळीच्या तोंडावर आला आणि सणाच्या गडबडीत फारसा गाजावाजा न होता निघून गेला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या कार्यप्रणालीचा, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीमचा, नियमित आधार थांबविला. दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णाकाठच्या शाळांतील, पतसंस्थांतील, वाचनालयांतील आणि घराघरांतील संगणक नेहमीप्रमाणे सुरू झाले. काहीच घडले नाही असे वाटले. परंतु त्या दिवसापासून या यंत्रांच्या भिंतीला पडणारी भगदाडे विनामूल्य बुजविण्याची जबाबदारी कंपनीवर राहिली नाही. पुढची ‘विंडोज ११’ प्रणाली घ्यावी म्हटले, तर साधारणपणे २०१७ पूर्वीच्या प्रोसेसरच्या संगणकांना ती कंपनीच्या नियमानुसार घेता येत नाही. यंत्र धडधाकट आहे, पण त्याला निवृत्तीचे वय गाठल्याचे सांगण्यात आले आहे.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील लहान संस्थांपुढे यामुळे जो प्रश्न उभा राहिला आहे, तो दिसतो तितका तांत्रिक नाही. नवे संगणक घ्यावेत, पैसे भरून सुरक्षेची मुदत वाढवून घ्यावी, आहे तसेच चालू ठेवावे, की लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीकडे वळावे? दहा संगणकांची शाळेची प्रयोगशाळा नव्याने उभी करायची तर तो काही लाखांचा मामला होतो. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली. संस्थांसाठी हा दर पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, तोही जास्तीत जास्त तीन वर्षे, असा ठेवण्यात आला. शिक्षणसंस्थांना हा आकार नाममात्र आहे, हेही सांगितले पाहिजे. मात्र मुदतवाढ ही मुदतवाढच असते. निर्णय तिने टळत नाही, पुढे ढकलला जातो.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात आणि आमच्या मते दोन्ही चुकीची आहेत.

पहिले उत्तर असे, की चालते आहे तोवर चालू द्यावे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक बंद पाडले. ज्या उणिवेतून तो शिरला, तिची दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, ते सापडले. आज आधार संपलेल्या यंत्रावर तर अशी दुरुस्ती येणारच नाही. ज्या संगणकात सभासदांच्या ठेवींचा हिशेब आहे, तो असा उघड्यावर ठेवणे म्हणजे तिजोरीचे कुलूप मोडल्यावर केवळ दार लोटून घरी जाण्यासारखे आहे.

दुसरे उत्तर आपल्या वर्तुळात अधिक टाळ्या मिळविणारे आहे. विंडोज विदेशी आहे, म्हणून ते काढून टाकावे, असे ते उत्तर. पण मग लिनक्स तरी कोठले? त्याचे बीज १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने पेरले. त्याआधी १९८३ पासून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली होती. जन्मस्थान हीच कसोटी लावायची तर दोन्ही प्रणाली नापास होतात. तेव्हा स्वदेशीचा अर्थच थोडा खोलात जाऊन पाहावा लागेल, आणि त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळ माळरानाची जागा दिली, अर्थसाहाय्य केले आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आजच्या नकाशात औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. लोखंडी नांगराची कल्पना काही कृष्णाकाठी जन्मलेली नव्हती. विलायती नांगर त्या काळी आयात होतच होते. किर्लोस्करांचे मोठेपण यात, की तो नांगर येथे ओतला जाऊ लागला, येथे दुरुस्त होऊ लागला आणि येथल्या मातीला साजेसा बदलता येऊ लागला. वस्तू घडविण्याची, मोडण्याची आणि पुन्हा जोडण्याची विद्या आपल्या माणसांच्या हाती आली. स्वदेशीचा गाभा तोच होता.

ही कसोटी लावली की लिनक्सचे महत्त्व लक्षात येते. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते, इतरांना देता येते. एखाद्या कंपनीने उद्या हात काढून घेतला तरी दुसरा कोणी ते काम पुढे नेऊ शकतो. विंडोजच्या बाबतीत वापराचा परवाना आपल्याकडे असतो, चावी मात्र दुसऱ्याकडे. एरवी हा भेद पुस्तकी वाटतो. जुलै २०२५ मध्ये तो पुस्तकी राहिला नाही.

गुजरातमधील वाडिनार येथे वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीत रशियाच्या रोझनेफ्टची मोठी भागीदारी आहे. १८ जुलैला युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. हे निर्बंध भारत सरकारने लादलेले नव्हते, संयुक्त राष्ट्रांचेही नव्हते. तरीही काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा थांबविल्या. पैसे भरलेले, करार झालेला, माहिती स्वतःची. पण कर्मचाऱ्यांना आपलाच पत्रव्यवहार उघडता येईना. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. येथे बंद झाली ती ईमेल व तत्सम सेवा. संगणकांची कार्यप्रणाली कोणी बंद केली नव्हती, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण भारतीय भूमीवरील एका मोठ्या उद्योगाचे दार परदेशातील निर्णयाने बंद होऊ शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

शासन या बाबतीत अगदीच झोपलेले नाही. सी-डॅकने २००७ मध्येच ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली आणली. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने इंटरनेटशी जोडलेल्या आपल्या संगणकांसाठी ‘माया’ या प्रणालीची निवड केली. तीही उबुंटू या मुक्त प्रणालीवर उभी आहे. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर नेण्यात आल्याचे वृत्त आले. हे स्वागतार्हच आहे. तथापि मालक भारतीय झाला म्हणून चावी आपोआप आपल्या हाती येत नाही. भारतीय कंपनीचीही विक्री होऊ शकते, धोरण बदलू शकते, दर वाढू शकतात. म्हणून कंपनी कोणाची, याबरोबरच ‘हिला सोडून जायचे ठरविले तर माझी माहिती मला सहीसलामत नेता येईल का?’ हा प्रश्न विदेशी आणि देशी दोन्ही दुकानदारांना विचारला पाहिजे.

असा बदल प्रत्यक्षात जमतो का? केरळचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील राज्यकर्त्यांच्या विचारसरणीशी आपले मतभेद सर्वश्रुत आहेत. पण चांगले ते जेथे असेल तेथून घ्यावे. केरळने २००० च्या दशकातच सरकारी शाळांचे संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर नेले. त्यासाठी स्वतःची आवृत्ती तयार केली, शिक्षकांना शिकविले, पाठ्यपुस्तके त्यानुसार लिहिली आणि सरकारे बदलली तरी धोरण बदलले नाही. २०१९ मध्ये दोन लाखांवर संगणकांसाठी नवी आवृत्ती देताना, परवान्यांपोटीचे सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा अंदाज तेथील यंत्रणेने मांडला होता. या आकड्यावर वाद घालता येईल. शिक्षकांच्या प्रशिक्षणावर नाही.

उलट बाजूने जर्मनीतील म्युनिक शहराकडे पाहावे. २००३ मध्ये तेथील नगरपालिकेने लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला. दहा वर्षे खपून सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. जगभर कौतुक झाले. आणि २०१७ मध्ये त्याच नगरपालिकेने पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. राजकीय नेतृत्व बदलले होते, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, इतर कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण अडत होती. त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने यापासून धडा घेतलेला दिसतो. २०२४ मध्ये सुमारे तीस हजार कर्मचाऱ्यांसाठी बदलाची घोषणा करताना त्यांनी सुरुवात केली ती लिबरऑफिस या मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरने, मग ईमेल. कार्यप्रणालीला शेवटचा क्रम दिला. आधी कागदपत्रे मोकळी करायची, मग यंत्र, हा क्रम आम्हाला अत्यंत महत्त्वाचा वाटतो.

आपल्या परिसरातच एक जुना धडा पडून आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांसाठी ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे आली. शेतकऱ्याला जगाची माहिती मिळेल, असे स्वप्न होते. प्रत्यक्षात केंद्रांवर मुख्यतः उसाचे वजन, बिले आणि खताची उचल यांचीच माहिती पाहिली जाई, आणि संगणकांच्या देखभालीचा भार वाढत गेला. पुढे २००७ च्या सुमारास सात गावांत संगणकांऐवजी साध्या मोबाइलवर लघुसंदेशाने तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला आणि तो उपयुक्त ठरला. हा प्रयोग मायक्रोसॉफ्टच्याच भारतातील संशोधकांनी केला होता, हे विशेष. कोणते यंत्र घ्यावे हे विचारण्याआधी काम कोणते आहे हे विचारावे, एवढाच त्याचा अर्थ.

तोच प्रश्न आता आपल्या संस्थांना विचारू.

ज्या घरात संगणकावर मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, विजेचे बिल आणि नातवंडांशी बोलणे एवढेच होते, तेथे लिनक्सकडे वळणे निश्चित फायद्याचे आहे. जुने यंत्र आणखी काही वर्षे सुरक्षित चालेल. मराठी टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक तेथेही आहे. शिवाय पेन ड्राइव्हवरून ती प्रणाली आधी चालवून पाहता येते. मूळ संगणकाला हात लावावा लागत नाही. प्रिंटर चालतो का, आवाज येतो का, बँकेचे संकेतस्थळ उघडते का, हे आठवडाभर पाहावे आणि मग ठरवावे.

शाळांसाठी हा बदल सर्वांत मोलाचा आहे. २००१ पासून महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या ‘एमएस-सीआयटी’ करून बाहेर पडल्या. त्यातील ‘एमएस’ म्हणजे ‘महाराष्ट्र स्टेट’. पण अनेकांना ते मायक्रोसॉफ्ट वाटते, आणि हा गैरसमज पुरेसा बोलका आहे. संगणक शिकणे म्हणजे एका कंपनीच्या मेनूतील जागा पाठ करणे, असे समीकरण आपण होऊ दिले. दोन प्रणाली हाताळलेला विद्यार्थी कोणत्याही तिसरीला घाबरत नाही. स्वावलंबनाचे ब्रीद घेऊन कर्मवीर भाऊराव पाटलांनी ज्या साताऱ्यात शिक्षणाचा वटवृक्ष वाढविला, तेथे हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

पतसंस्था आणि व्यापारी पेढ्यांना मात्र आम्ही घाई करू नका असेच सांगू. टॅलीसारखे अस्सल भारतीय हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवर चालते, हा यातील विरोधाभास. पासबुक छापणारा प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बोटांचे ठसे घेणारे यंत्र ही लिनक्सवर चालतील की नाही, हे पुरवठादाराकडून लेखी घेतल्याविना पाऊल उचलू नये. मार्चअखेरच्या तोंडावर तर नाहीच. हिशेबाचे एखादे-दुसरे यंत्र रीतसर नवे घ्यावे, बाकीची वळवावीत. यात कमीपणा नाही. सभासदांच्या पैशावर प्रयोग करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

छापखाने आणि आमच्यासारखी नियतकालिके यांची अडचण निराळी आहे आणि ती आम्ही कबूल केली पाहिजे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळविलेला मजकूर आज दुसऱ्या यंत्रावर उघडला, की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. प्रस्तुत लेखकाचे वीस वर्षांपूर्वीचे कित्येक लेख अशाच अवस्थेत पडून आहेत. ते लिहिले आम्ही, अक्षरे आमच्या भाषेची, पण वाचण्यासाठी विशिष्ट फॉन्ट आणि विशिष्ट यंत्र हवे. यात कोणा परकीयाचा दोष नाही; हे बंधन आपणच आपल्या हाताने बांधून घेतले. विंडोजमधील ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराच्या हातचा आहे. त्यांचाच ‘रघू’ हा फॉन्ट मुक्त परवान्याने सर्वांना उपलब्ध झाला. विद्या आपल्याकडे होती आणि आहे; तिचा साठा मोकळ्या पद्धतीने करण्याची शिस्त आपण लावून घेतली नाही.

आणखी एक गोष्ट बोलणे अवघड आहे, पण टाळता येणार नाही. आपल्या किती घरांत, किती कार्यालयांत परवाना न घेतलेली विंडोजची प्रत आहे? दुकानदाराने ‘टाकून दिली’ आणि आपण विचारले नाही. चारित्र्याच्या गोष्टी सांगणाऱ्या संस्थेच्या अहवालाचा मजकूर चोरीच्या प्रतीवर टंकलिखित व्हावा, हे शोभणारे नाही. पैसे देऊन घ्यावे, किंवा जे राजरोस विनामूल्य मिळते ते वापरावे. तिसरा मार्ग आपला असू नये.

मग बदल करावा की नाही? आमचे उत्तर असे, की बदलण्याची क्षमता सर्वांनी आजच मिळवावी. प्रत्यक्ष बदल ज्याने त्याने कामाच्या स्वरूपाप्रमाणे करावा. पहिले पाऊल विंडोजवर राहूनही टाकता येते. लिबरऑफिस विंडोजवरही चालते; ते बसवावे आणि सहा महिने त्यातच काम करावे. सर्व मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणावा. माहितीची एक प्रत स्वतःच्या कपाटातील वेगळ्या डिस्कवर ठेवावी. एवढे झाले की कार्यप्रणाली बदलणे हे घर बदलण्याइतके अवघड राहत नाही. फार तर खोली बदलल्यासारखे होते.

दुसरे पाऊल माणसांचे आहे. म्युनिक आणि केरळ यांतील फरक यंत्रांचा नव्हता, हाताशी असलेल्या जाणत्या माणसांचा आणि टिकलेल्या संकल्पाचा होता. अडले तर तासाभरात येऊन पाहणारा कोणी नसेल, तर सर्वोत्तम प्रणालीही चौथ्या दिवशी काढून टाकली जाते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरणाऱ्यांचा गट वर्षानुवर्षे कार्यरत आहे. कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. या मुलांना गावातील शाळेचा पत्ता कोणी दिला आहे का? कार्यकर्त्यांनी या सुट्टीत एवढेच करावे: आपल्या परिसरातील एक शाळा किंवा एक वाचनालय निवडावे, दोन जाणती मुले शोधावीत आणि धूळ खात पडलेला एक संगणक त्यांच्या हाती द्यावा. तो चालू झाला, वर्षभर चालला, तर दुसरा वळवावा.

किर्लोस्करांचा पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, तेव्हा त्यांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून सोडून दिले नाही. त्याच्या शेतात नांगर चालवून दाखविण्याचा मार्ग अखेर फळाला आला. आपल्यालाही भाषणाने कोणाचा संगणक बदलता येणार नाही. शेजाऱ्याच्या टेबलावर तो चालवून दाखवावा लागेल. आणि बंद पडला, तर रात्री जाऊन दुरुस्तही करावा लागेल.